थोरलीला सातारा दाखवायचा

सोलापुरात मान वर करून पाहावं असं काही असेल तर ते गिरणीचं धुराडं. बाकी सगळा मुलूख तव्यावर टाकलेल्या भाकरीसारखा सपाट. अशा गावात यज्ञेश्वर मास्तर पंधरा वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवीत होते. सह्याद्री त्यांनी फळ्यावर इतक्यांदा काढला होता की डोळे मिटून खडू ओढला तरी घाट जागच्या जागी पडत. प्रत्यक्षात त्यांनी डोंगर म्हणून पाहिला होता तो तुळजापूरचा, आणि तोही देवीला जाताना छकड्यात पेंगत.

"यंदा सुटीत साताऱ्याला जाऊ," एका रविवारी जेवता जेवता ते म्हणाले. "आठ दिवस. डोंगराच्या कुशीतलं गाव आहे. बोलपटाचं थिएटर झालंय म्हणे. बाजार मोठा आहे, फिरायला जागा आहेत."

गोदावरी ताक वाढत होती. तिचा हात थबकला. सहा वर्षांच्या संसारात ह्यांनी तिला कुठं नेतो म्हटलं नव्हतं. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रासुद्धा ती सासूबाईंच्या मागं मागं चालून पाहायची. तिला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तेवढ्यात मास्तर पुढं म्हणाले, "तिची फार इच्छा होती."

आणि हे म्हणताना त्यांची नजर गोदावरीच्या तोंडाकडे नव्हती. गळ्याकडे होती.

गळ्यात, मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक होता. अंगठ्याच्या नखाएवढा. त्यावर ठोकून उठवलेली एक उभी बाई, हात जोडलेली. नाक-डोळे काही दिसत नव्हते, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं की ती अनसूया.

अनसूया मास्तरांची पहिली बायको. छातीच्या दुखण्यानं गेली, तेव्हा तिला पंचविसावं चालू होतं. वर्ष उलटल्यावर गोदावरी दुसरेपणावर या घरात आली. ब्राह्मणाघरी ही टाकाची चाल सगळीकडे नसते. पण सासूबाई अक्कलकोटकडच्या, मैंदर्गीच्या, आणि त्यांनी तिकडं लहानपणापासून पाहिलेलं: पहिली मेली, दुसरी आली, की मेलीचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालायचा, नाहीतर ती दुसरीला नांदू देत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आपल्या हातानं गोदावरीच्या गळ्यात बांधला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "पोरी, हिच्या आधी आता तुझं काही नाही. नवं लुगडं आधी हिच्यावरून उतरायचं. कुंकू आधी हिला. ताटातला पहिला घास हिला. मागं राहील ते तुझं. आणि पुष्कळ राहतं, बरं का."

गोदावरी मुळातच नेमाधर्माची. पहाटेची अंघोळ, तुळशीला अकरा प्रदक्षिणा, देवापुढं रोज नव्या वाती. लटकं बोलायचं नाही, हा नेम तर तिनं बाराव्या वर्षी माहेरच्या पुराणिकबुवांसमोर घेतला होता. त्या सगळ्या नेमांत हा एक आणखी बसला. ती टाकाला ताई म्हणू लागली. ताईंना कढीतला कढीपत्ता आवडत नसे, म्हणून ती पहिल्या घासातून तो काढायची. पुढं पुढं स्वतःच्या पानातलाही काढू लागली. ताई भांग किंचित डावीकडून पाडायच्या, असं सासूबाई एकदा सहज बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून हिचा भांग डावीकडे गेला. आता कुणी विचारलं असतं, बाई, तुला काय आवडतं, तर तिला आठवून सांगावं लागलं असतं. कधी आरशापुढं कुंकू रेखताना ती थांबे. आपण अजून किती उरलो आहोत, असं मनात येई, आणि त्याचं भय वाटे.

मास्तर स्वभावानं वाईट नव्हते. आवाज चढवून बोलायचे नाहीत. पण सांजवात झाली की ओसरीवर बसून हळूच विचारायचे, "काय म्हणते ती?" आणि गोदावरी सांगायची, "समाधानात आहेत." मग मास्तरांचा चेहरा सैल पडायचा. सहा वर्षांत त्या दोघांचं मनातलं बोलणं म्हणून जे काही झालं, ते एवढंच.

म्हणून साताऱ्याचं ठरलं तेव्हा तिनं सिद्धेश्वराला हात जोडून एकच गोष्ट मागितली. परक्या गावात, सासूबाई नाहीत, शाळा नाही. तिथं एकदा तरी ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघून माझ्याशी बोलावं. चांगलं बोलले नाहीत तरी चालेल.

निघताना सासूबाईंनी शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या बांधून दिल्या आणि टाकावरून बोट फिरवलं. "अनसूये, जाऊन ये गं. तुझी राहिली होती ना इच्छा? त्या वर्षी मेल्या शाळेनं ह्याची रजा नाही मंजूर केली, नाहीतर तेव्हाच गेली असतीस." मग गोदावरीकडे वळून म्हणाल्या, "हिला सगळं नीट दाखव."

पुण्याला गाडी बदलून, सातारा रोडला उतरून, मोटारीनं गावाच्या नाक्यापर्यंत आणि तिथून टांग्यानं, अशी दोघं पोचली. टांगेवाला बोलका होता.

"त्यो बगा अजिंक्यतारा," तो चाबकानं दाखवत म्हणाला. "आता डोंगराच्या पायाशी गाव हाय, का गावाच्या उशाला डोंगर हाय, त्ये अजून कुनाला उमगलं न्हाय."

गोदावरीनं पाहिलं. आभाळाचा एवढा मोठा तुकडा कुणीतरी अडवून धरला आहे, असा डोंगर. तिच्या तोंडून निसटलं, "केवढा हो."

"थांब," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "आधी तिला."

तिनं पदराआडून टाक बाहेर काढला आणि दोन बोटांत धरून डोंगराकडे केला. टांगेवाल्यानं मागं वळून एकदा पाहिलं आणि मग गावाची वेस लागेपर्यंत तो काही बोलला नाही.

उतरायची सोय शनिवार पेठेत बाळाबाईंच्या खानावळीत होती. बाळाबाई विधवा, साठीच्या घरातल्या, तोंडानं तिखट आणि हातानं सढळ. परगावचे लोक येऊन राहायचे, त्यांना माजघराच्या बाजूच्या दोन खोल्या देत.

"सोलापूरचे मास्तर का?" त्यांनी डोळे बारीक करून विचारलं. "या. आलात एकदाचे. सात वर्षं वाट बघायला लावलीत."

मास्तरांचा चेहरा उतरला. "कामात अडकलो तेव्हा."

"तेव्हा दोन कार्डं टाकली होतीत. खोली राखून ठेवा, मंडळी आजारी आहेत, हवापालटाला आणतो, रजाही मिळालीय. मी आठ दिवस खोली कुणाला दिली नाही. गवळ्याला जास्तीचं दूध सांगून ठेवलं." त्यांनी गोदावरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बऱ्या झालात म्हणायच्या. आजारी माणसाची कळा काही दिसत नाही अंगावर."

"ती मी नव्हे, मावशी," गोदावरी हळू म्हणाली. "त्या ताई."

बाळाबाईंची नजर टाकावर गेली आणि ओळखीची गोष्ट पाहावी तशी त्यांनी मान हलवली. गोदावरीच्या मनात मात्र एक शब्द काट्यासारखा मोडून राहिला. रजाही मिळालीय. घरात तर सात वर्षं सगळे सांगत होते की रजा मिळाली नाही.

तिनं विचारलं नाही. मास्तर बॅगेचे पट्टे सोडण्यात फार वेळ घालवत होते.

पुढचे तीन दिवस त्यांनी सातारा पाहिला. सकाळी राजवाड्यावरून जायचं, तळ्याकाठी बसायचं, नगर वाचनालयात मास्तरांनी नकाशे उलटायचे आणि तिनं दाराशी उभं राहून रस्ता बघायचा. बाजारात पितळी भांड्यांची ओळ, बांगड्यांची ओळ, कंदी पेढ्यांची दुकानं. एका दिवशी यवतेश्वराच्या घाटानं चढून गेले. वर जांभळांना फळ धरलं होतं आणि वारा असा की पदर हातानं धरावा लागे. जिथं जावं तिथं मास्तर थांबत, इकडंतिकडं पाहत आणि म्हणत, "दाखव तिला." ती टाक काढी. मास्तर त्या नखाएवढ्या चांदीला सगळं समजावून सांगत: हा दगड कुठला, हे पाणी कासच्या तळ्यातून कसं येतं, पाऊस इथं इतका आणि सोलापुरात एवढाच का. फार सुंदर सांगत. वर्गात असंच सांगत असतील. गोदावरी टाक धरून उभी राही आणि ऐके, जसं भिंतीपलीकडचं ऐकावं. पेढासुद्धा आधी टाकाला टेकवून मग तिच्या तोंडात गेला. तो गोड लागला की नाही, हे तिला सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी यवतेश्वरावरून उतरताना ती एका वळणावर थांबली आणि आपोआप म्हणाली, "हिरवं बघून डोळे निवतात बाई." आणि चपापली. असं ती कधी बोलत नसे. मास्तर जागीच उभे राहिले होते, पांढरेफटक.

"हे ती म्हणायची," ते म्हणाले. "आपल्या सोलापूरच्या कंबर तळ्याच्या काठी."



चौथ्या दिवशी संध्याकाळच्या खेळाला बोलपट पाहायचा होता. बाळाबाईंनी आधीच सावध केलं. "बायकांकडच्या बाकांना चामड्याच्या गाद्या आहेत हो. मी एकदा गेले आणि येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. चित्र काही कळलं नाही, गाद्याच आठवत राहिल्या."

गोदावरी विचारात पडली. ताईंना चामड्यावर कसं बसवायचं? टाक म्हणजे देवासारखाच. तिनं निघण्याआधी तो गळ्यातून काढला. खोलीतल्या कोनाड्यात तिनं सोलापूरहून आणलेले देव मांडले होते, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. त्यांच्या पाटावर, सकाळच्या फुलांखाली, तिनं टाक ठेवला. सहा वर्षांत तो पहिल्यांदा अंगावेगळा झाला. मास्तर बाहेर टांगा ठरवत होते, त्यांना ठाऊक नव्हतं.

थिएटर म्हणजे पत्र्याची मोठी छपरी. अंधार झाला, पडद्यावर एक राणी आली आणि बोलू लागली. तोंड पडद्यावर हलत होतं आणि आवाज मात्र मागून कुठूनतरी, जरा उशिरानं येत होता. शेजारची एक बाई पुटपुटली, "हिच्या अंगात आलंय की काय." गोदावरीला हसू आलं. मोठ्यानं हसली ती. हसून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे आपण कुणाला आधी दाखवलं नाही. हे हसणं नुसतं आपलंच. तिला आनंद झाला आणि लगेच अंगावर काटा आला.

परत आल्यावर टाक घालायचा राहिला. चामड्यावर बसलेलं अंग, गर्दीतून आलेलं. तशा अंगानं देवाच्या पाटाला हात लावायचा नाही. सकाळी अंघोळ झाली की घालू, असं म्हणून ती झोपली. आणि इतकी गाढ झोपली की पहाटेची तिची ठरलेली जाग चुकली.

अंघोळ करून कोनाड्यापुढं बसली तर पाट स्वच्छ पुसलेला. बाळकृष्ण जागेवर, अन्नपूर्णा जागेवर. फुलं नव्हती. फुलांखालचंही काही नव्हतं.

तिनं चादरी झटकल्या, ट्रंकेखाली पाहिलं, पाट दोनदा उचलला. ऊन ओसरीवर आल्यावर बाळाबाई आल्या, ओल्या लुगड्याचा पिळा खांद्यावर, हातात रिकामी परडी.

"सोमवारी मी माहुलीला संगमावर जाते," त्या म्हणाल्या. "तू झोपली होतीस म्हणून हाक नाही मारली. सोवळ्यानंच आत आले, तुझ्या देवांचं निर्माल्य घेतलं आणि कृष्णामाईत सोडलं. उगाच परसात टाकायचं कशाला? का गं, अशी का बघतेस?"

 गोदावरीनं सगळं सांगितलं. बाळाबाईंनी परडी खाली ठेवली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पण चुकून झालं ते बरोबर जागी झालं, बाई. माहुलीला लोक कुठून कुठून अस्थी घेऊन येतात. तिथं सोडलेलं परत मागायचं नसतं."

"ह्यांना काय सांगू? सासूबाईंना?"

"सांगतेस कशाला? बाजारात सिद्रामप्पा सोनार आहे, तुमच्याच तिकडचा, अक्कलकोटचा. असले टाक रोज ठोकतो. दुपारपर्यंत दुसरा करून देईल. नाक-डोळे कुठं होते त्याला, म्हणजे ओळखायचा प्रश्न? घाल गळ्यात आणि गप बस. पुरुषमाणसाला पुतळी दिसली म्हणजे झालं, आत कोण आहे ते कुठं बघायला जातात?"

गोदावरी दुपारी खरंच बाजारात गेली. सोनाराच्या पेढीसमोर पोचली. आत भातुकलीतल्या भांड्यांसारखे टाक ओळीनं मांडले होते, खंडोबा, विरोबा, आणि टोकाला हात जोडलेल्या बायका. सात-आठ असतील. कुणाकुणाच्या पहिल्या. त्यांच्यापैकी एक उचलायची आणि तिला ताई म्हणायचं. ती पायरीशी उभी राहिली, पाय उचलला, आणि परत खाली ठेवला. मंगळसूत्राखाली गळा मोकळा होता, तरी भार तसाच होता. नेमका टाकाच्या जागी. तिनं तिथं बोट लावून पाहिलं. तिची स्वतःची कातडी, घामेजलेली. ती परत फिरली.

संध्याकाळी मास्तर म्हणाले, "आज चार भिंतींवर जाऊ. तेच खरं बघण्यासारखं आहे."

डोंगराच्या सोंडेवर ती जुनी वास्तू आहे. राजाच्या बायकांना दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी, पण त्या कुणाला दिसू नयेत, म्हणून बांधली असं म्हणतात. गोदावरीनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला होता. चढताना मास्तर दोन पावलं पुढं होते, आणि आज ते भूगोल सांगत नव्हते.

वर वारा होता, माणूस नव्हतं. खाली गाव पसरलेलं: कौलं, तळी, राजवाड्याचं आवार, रस्त्यानं मुंगीसारखे टांगे. पूर्वेला लांबवर उन्हात चमकणारी पाण्याची रेघ. मास्तर चौथऱ्यावर बसले. ती नेहमीसारखी जरा अंतर सोडून बसली.

"दाखव तिला," मास्तर म्हणाले.

 तोंडानं खोटं बोलायचं नाही, एवढाच तिचा नेम. तिनं पदराआड हात घातला, मूठ मिटली आणि मिटलेली मूठ बाहेर काढून गावाकडे धरली. मास्तरांनी मुठीकडे पाहिलं. वारा आहे म्हणून घट्ट धरला असेल, असं त्यांना वाटलं असावं.

"ती बघ कृष्णा," ते मुठीला म्हणाले. "आणि ती इकडून येते ती वेण्णा. तिथं माहुली, दोघींचा संगम." बोट त्या चमकत्या रेघेवर होतं. गोदावरीनं मूठ आणखी आवळली.

मग मास्तर थांबले. परत बोलले तेव्हा आवाज वर्गातला नव्हता.

"तुला आज एक सांगायचंय. म्हणून तर आणलं. रजा मंजूर झाली होती, अनसूया. कागद माझ्या खिशात होता. डॉक्टर म्हणाले होते, डोंगरावरची हवा मिळाली तर दोन-चार वर्षं निघतील. तिकिटं काढायला स्टेशनावरही गेलो. तिथं उभा राहिलो आणि मनात आलं, वाटेत हिचं काही झालं तर परक्या गावात मी एकटा काय करू? कुणाला हाक मारू? खांदा द्यायला चार माणसं कुठून आणू? एवढंच. तुझी काळजी नव्हती ती. माझी होती. घरी आलो आणि सांगितलं, रजा नामंजूर. तू म्हणालीस, असू दे, पुढच्या वर्षी. आणि माझ्यासाठी उठून चहा केलास. तुला उठवत नव्हतं तरी केलास."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. खाली गावात कुठल्यातरी देवळाची घंटा दोनदा वाजली.

"काय म्हणते ती?" त्यांनी विचारलं.

समाधानात आहेत. शब्द अगदी तयार होते. सहा वर्षं रोज सांजवातीला म्हटलेले. आणि पहिल्यांदाच गोदावरीच्या ध्यानात आलं की हे आपल्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ताई कधी बोलल्या नव्हत्या. बाराव्या वर्षी घेतलेला नेम या एका वाक्यानं रोज मोडत आला होता, आणि रोज तो मोडून ती देवापुढं वाती लावत आली होती.

तिनं मूठ उघडली.

"ताई इथं नाहीत," ती म्हणाली. "काल चामड्यावर बसायचं म्हणून मी टाक देवाच्या फुलांखाली ठेवला. मावशींनी पहाटे निर्माल्य माहुलीला सोडलं. त्यात गेल्या."

मास्तर रिकाम्या तळहाताकडे पाहत राहिले. त्यावर नखांचे चार लाल वण उमटले होते.

"मग मी आत्ता कुणाशी बोललो?"

"माझ्याशी."

"सगळं ऐकलंस?"

"होय."

रागावतील, असं तिला वाटलं. उठून निघून जातील, असंही वाटलं. मास्तर बसून राहिले. मग पाण्यात बुडणारा हात वर करतो तसे म्हणाले, "बरं, मग तू सांग. सहा वर्षं तू तिला वागवलंस, गळ्याशी. तिचं मन तुला माहीत असणार. ती मला काय म्हणाली असती?"

आणि गोदावरीला ते ठाऊक होतं. उत्तर तिच्या जिभेशी आलं होतं, सबंध, ताईंच्या लकबीत, तो डावीकडे मान कलती करून बोलायचा ढंगसुद्धा. ती मान कलतीही होऊ लागली होती. एवढं बोललं की ह्यांची सुटका होईल. आणि आपण मात्र पुन्हा या तोंडातून कधी बोलणार नाही. गळ्याशी तो भार आता वाढत चालला होता. तिनं दोन्ही हातांनी चौथऱ्याचा दगड धरला. दगड दिवसभराच्या उन्हानं तापलेला होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "मी त्यांना कधी पाहिलं नाही. भेटले नाही. त्या काय म्हणाल्या असत्या, ते मला कसं कळणार? मला माझं विचाराल तर सांगता येईल."

मास्तरांची नजर तळहातावरून सवयीनं तिच्या गळ्याकडे गेली. मंगळसूत्राखाली थांबायला काही नव्हतं. ती वर सरकली, आणि सोलापूरहून इतक्या लांब येऊन, डोंगराच्या सोंडेवर, त्यांनी आपल्या बायकोचं तोंड पाहिलं. अनोळखी माणूस अचानक समोर यावा तसे ते किंचित मागं झाले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क भीती होती.

"हनुवटीवर तुझ्या," ते अडखळत म्हणाले, "हा व्रण कसला?"

"रहाटाचा दांडा लागला होता."

"कधी?"

"सात वर्षांची होते."

"म्हणजे लग्नात होता."

"होता की."

मास्तरांनी खाली बघितलं, परत वर बघितलं, व्रण तिथंच होता. मग अगदी हळू म्हणाले, "कसा लागला, सांग."

गोदावरी सांगू लागली. मोडनिंबच्या माहेरची विहीर, चुलत बहिणीशी लावलेली पैज, हातातून सुटलेला रहाट, रक्त बघून आधी रडली ती बहीणच, आणि आईनं हळद चेपताना दिलेल्या शिव्या. सांगताना तिचा आवाज तिलाच परका वाटत होता, बोलपटातल्यासारखा, कुठूनतरी मागून, उशिरानं येणारा. मध्येच तो हवा तसा निघेना, तेव्हा ती थांबे, आणि मास्तर म्हणत, "मग?"

वारा पडला. गावातले दिवे लागू लागले. ती सांगत होती आणि ते तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होते. चौथऱ्यावर दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा अजून रिकामी होती, आणि ती बुजवायला दोघांपैकी कुणाची छाती होत नव्हती.